सरांचा हेवा

मी आज जो काही आहे तो म्युनिकच्या आमच्या प्रोफेसरांमुळे, आणि आयुष्यात सर्वांत जास्त हेवा केला तोही त्यांचाच. भुसावळच्या कॉलेजातल्या मुलाचं मोडक्या इंग्रजीतलं पत्र वाचून त्यांनी मला ताओ धर्माच्या विधींवर संशोधन करायला बोलावलं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझा रूममेट, मोटारींच्या कंपनीतला पुण्याचा इंजिनिअर, विचारायचा, "चिनी देवांवर पीएचडी करून पुढे काय रे? भुसावळला चायनीजची गाडी लावणार?"

सरांनी चीनमधल्या खेड्यांच्या देवळांत उभं आयुष्य काढलं होतं आणि येताना ती खेडी म्युनिकला सोबत आणली होती. टेबलावर कायम चिनी पंचांग. एकदा त्यांनी विभागाची बैठकच पुढे ढकलली. "आज दार उघडायला दिवस वाईट आहे. अंघोळीला मात्र उत्तम." सेक्रेटरीबाई कडाडल्या, "असं? मग घरी जाऊन अंघोळ करा!" सर खरंच गेले. मी पंचांगातून सुटायला जर्मनी गाठली, तर इथे हे!

पण हेवा वाटे तो वेगळ्याच गोष्टीचा. दक्षिण चीनमधल्या त्यांच्या लाडक्या खेड्यात मी टेपरेकॉर्डर घेऊन बसलो की लोक चहा पाजत आणि गप्प राहत. सर काही न विचारता देवळाच्या स्वयंपाकघरात लसूण सोलायला बसत, आणि बायका त्यांना देवांच्या गोष्टींबरोबर सासूच्या कागाळ्याही सांगत. मीही लसूण घेतला. एका आजींनी तो काढून घेतला. "पाहुण्यांनी बसावं."

मग त्या गावात पिढीतून एकदाच होणारा गावशांतीचा विधी ठरला. सर तरुणपणापासून त्याची वाट पाहत होते. माझा प्रबंधही त्यावाचून अडला होता. पुरोहितांनी कळवलं, विधीला देवळात बाहेरचा एकच माणूस येऊ शकेल. तो कोण, हे उघडच होतं.

सरांनी माझं नाव कळवलं. "गुडघे डोंगर चढत नाहीत हो आता," म्हणाले. आदल्याच रविवारी ते आल्प्समध्ये भटकून आले होते.

तिथून मी त्यांना पत्र लिहिलं:

"सर, विधी पार पडला. सगळं पाहिलं, सगळं टिपलं. पुरोहितांनी वेदीजवळ तुमच्यासाठी स्टूल मांडून ठेवलं होतं. मी दिवसभर उभा होतो, पण त्यावर मला कुणी बसू दिलं नाही. जो तो विचारतो, आमचा म्हातारा कुठाय? सर, आत मी गेलो, पण बोलावणं तुम्हालाच होतं. अजूनही हेवा वाटतो. त्यांना काय सांगू, कधी येताय?"