हळदीतला पांढरा सदरा

सोमवार, १० मार्च २०२५. सकाळी सव्वासात वाजता मी आयुष्यात प्रथमच स्वतःचा सदरा धुतला. पत्नीचे तेरावे शनिवारी झाले होते आणि घरात धुतलेला सदरा उरला नव्हता.

सांगलीत हळदीच्या अडतीवर मी एकेचाळीस वर्षे दिवाणजी आहे. तेथे बहुतेक जण डाग दिसू नयेत म्हणून खाकी किंवा विटकरी कपडे घालतात. हल्ली टी-शर्टही चालतो. मी पांढराच सदरा घालतो. हळदीत वावरूनही ज्याचे पांढरे राहते, तो मनुष्य मालाला उगाच हात लावत नाही, हे खरेदीदाराला न सांगता कळते. हे मत बदलण्याचे कारण मला अद्याप दिसलेले नाही.

कॉलरवर व बाह्यांवर पिवळे डाग होते. साबणाची वडी घेऊन घासले. डाग लाल झाले. आणखी साबण लावला; आणखी लाल झाले. वेळ संपली, तेव्हा इस्त्रीने वाळवून तोच घातला.

अडतीवर हमालांच्या मुकादमाने पाहिले.

"काय दिवाणजी, पान लय रंगलंय! निम्मं सदऱ्यालाच चारलं व्हय?"

मग त्याला माझ्या घरचे दुःख आठवले असावे. तो पोत्यांकडे वळला.

मालक माझ्याहून तीस वर्षांनी लहान आहेत. त्यांनी स्वतःचा एक टी-शर्ट आणून दिला.

"दिवाणजी, दुपारी परगावचे खरेदीदार आहेत. असं सौद्यात उभं राहता येणार नाही. हा घाला आणि आत बसा. लॉट आज नवे कारकून पुकारतील."

एकदा दुसऱ्याने लिलाव पुकारला की ती जागा त्याची होते. इतरांच्या बाबतीत हे घडताना मी पाहिले आहे. टी-शर्ट घडीसकट टेबलावर ठेवला.

हळकुंडे निवडणारी एक वयस्क बाई दारातून हे ऐकत होती.

"आवं, हळदीला आधी साबण लावत्यात व्हय? नुसत्या पाण्यानं धुवायचं, उनात टाकायचं. डाग उडाला की मग साबण. वैनींनी कवा सांगितलं न्हाई?"

"मी विचारले नव्हते."

"काढा हिकडं."

मी सदरा काढून दिला. तिने तो नळाखाली तीनदा खळबळला आणि गोदामाच्या पत्र्यावर पसरला. मी बनियनवर गादीवर बसून लॉटच्या चिठ्ठ्या लिहिल्या. एवढ्या वर्षांत तसा कधी बसलो नव्हतो. कोणी हसले नाही. मला लाज वाटायला हवी होती. काहीच वाटले नाही.

दीड वाजता लाल रंग गेला होता. फिकट पिवळा राहिला होता. सदरा चुरगळलेला होता. तो घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि मालकांपुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी कॉलर पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"चला," म्हणाले.

सारे लॉट मी पुकारले. आवाज नेहमीसारखाच निघाला. नवे कारकून मागे उभे राहून लिहून घेत होते.

सहा वाजता घरी आलो. कोपऱ्यात साठलेले चार सदरे नुसत्या पाण्यातून काढले आणि उद्याच्या उन्हासाठी गच्चीवर नेले. चिमटे कोठे ठेवलेले असतात ते मला माहीत नव्हते. वारा होता, म्हणून सदऱ्यांच्या बाह्याच दोरीला गाठी मारून बांधल्या.