नाखवांच्या गाठी आणि दोन ससे

"डॉक्टरबाई, दोघंपन तोंड उघडं टाकून बसलेत. पाला पन खात नाय."

फोन लक्ष्मण नाखवांचा होता. नाखवा म्हणजे स्वतःची होडी असलेला कोळी. चारकोप गावात त्यांचं जुनं घर आहे. होडी आता मुलगा सांभाळतो आणि नाखवा अंगणातल्या पिंजऱ्यात दोन ससे पाळतात. पांढरा गुबगुबीत तो पापलेट, हडकुळा तो बोंबील. दोघंही माझे पेशंट.

ससा श्वास नाकाने घेतो. त्याने तोंड उघडलं की समजायचं, वाट लागली.

"आधी घरात न्या. पंख्याखाली ठेवा."

"बर्फ आहे घरात भरपूर. त्याच्यात ठेवू?"

"बर्फात मासे ठेवा, नाखवा. सशांच्या कानांवर साध्या पाण्याचं ओलं फडकं ठेवा. मी येते."

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. त्याला बर्फात ठेवला तर धक्क्यानेच जायचा.

क्लिनिकमधून स्कूटरने पाच मिनिटं. संध्याकाळी वादळ येणार असा इशारा होता, होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. पण दुपारी तीनला वारा साफ पडला होता आणि ऊन चटके देत होतं.

अंगणात पाहिलं तर पिंजरा निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेला. वरून नायलॉनची दोरी, तीही जागोजागी आवळलेली. गाठी सुटेनात म्हणून नाखवांच्या बायकोने, हिराबाईंनी, कोयत्याने ताडपत्री फाडून ससे बाहेर काढले होते. मी फटीतून हात घातला. आत भट्टी होती.

बोंबील पंख्याखाली बरा वाटत होता. पापलेट मात्र फरशीवर आडवा पडला होता. ताप एकशे सहा. सशाचा ताप एकशे तीनपर्यंत असला तर ठीक, एकशे पाचच्या पुढे जीव धोक्यात. मी त्याच्या कातडीखाली सलाईन दिलं, कानांवरचं फडकं बदलत राहिले, आणि हात चालू असताना तोंडही सोडलं.

"होडी श्वास घेत नाही, नाखवा, ससा घेतो. असं बांधायला सांगितलं कोणी?"

नाखवांनी हिराबाईंकडे पाहिलं.

"तुम्हीच," हिराबाई म्हणाल्या. "मंगळवारी नखं कापायला आनलेले तेव्हा. घट्ट बांधा, थेंब आत जाता कामा नये, बोललात."

बोलले होते. दुसरा फोन कानाला लावून, घाईघाईत. हेच मी सोसायटीतल्या लोकांनाही सांगते. ते पिंजऱ्यावर प्लास्टिक टाकतात, वर दोन विटा ठेवतात आणि आळसाने एक बाजू उघडी राहते. त्या आळसावर ससे जगतात. नाखवांनी आयुष्यभर वादळाआधी होडी बांधली होती. त्यांनी माझा शब्द पाळला होता, अगदी पुरता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तासाभराने पापलेटचा ताप उतरला आणि त्याने मान उचलली. पण एवढ्यावर भागत नाही. उष्णतेच्या धक्क्याने सशाचं आतडं बंद पडू शकतं, आणि मग ताप उतरूनही तो दगावतो. आतडं चालू आहे याचा पुरावा एकच, लेंडी.

"लेंडी दिसली की कळवा. सकाळपर्यंत नाही दिसली तर घेऊन या."

आता वादळात ससे ठेवायचे कुठे? हिराबाईंनी मोरी ठरवली. फरशी गार, वारा खेळता, मांजर येणार नाही.

"मग आम्ही आंघोळ कुठं करायची?" नाखवा.

"अंगनात. वादळ येतंय ना."

वादळ आलं, झाडं पाडून गेलं. मला झोप अशी लागलीच नाही. सकाळी सातला मोबाइल वाजला. नाखवांनी फोटो पाठवला होता. वर्तमानपत्रावर मिऱ्यांसारखे काळे गोळे, ओळीने मांडलेले. खाली लिहिलेलं, 'पापलेट. अठ्ठावीस.' एवढा सुंदर फोटो मला कुणी पाठवलेला नाही.

त्या दिवसापासून मी पिंजरा कसा झाकायचा ते कागदावर काढून देते. वाऱ्याच्या विरुद्ध बाजू उघडी, छपराखाली वीतभर फट. आणि समोरचा माणूस काय काम करतो, तेही आधी विचारते.

पण त्या सकाळी मी नाखवांना फक्त 'छान' असं लिहिलं. मग चहा गार होईपर्यंत बसून राहिले आणि खाली लिहिलं, 'चूक माझी होती. माफ करा.' वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे वाक्य मी पहिल्यांदा लिहीत होते.

उत्तर लगेच आलं. 'आता एकोणतीस.'