‘स्वतः वाचले’चा रकाना

कुटुंब वाचन मंडळ सुरू करताना दिपमालाने एकच नियम केला होता आणि त्या एका नियमानेच तिला जेरीस आणलं. महिन्याला एक पुस्तक. घरातल्या शाळकरी मुलाने ते वाचायचं आणि आईवडिलांपैकी एकाने वाचायचं. वाचून झालं की कार्डावर ‘स्वतः वाचले’ असा रकाना होता, त्यात दोघांनी सही करायची. मग महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या मागच्या दालनात जमायचं आणि पुस्तकावर बोलायचं. यात कठीण काय आहे, हे तिला आठ महिन्यांनंतरही कळलं नव्हतं.

लोकांना मात्र ते फार कठीण वाटत होतं. रिंगरोडवरच्या एका डॉक्टरांनी विचारलं, हे स्कॉलरशिपला येतं का. एक बाई नवऱ्याची सही स्वतःच करून आणायच्या, आणि तीही दर वेळी वेगळी. दाणा बाजारातल्या हिनाबेनने तर मुलाच्या, अर्हमच्या, ट्यूशनच्या सरांकडून पुस्तकाचा सारांश लिहून घेतला होता. मुद्दे, उपमुद्दे, शेवटी तात्पर्य. तो कागद पुढे करत ती म्हणाली होती, “मॅडम, हे एक पान वाचलं तरी चालेल ना? पूर्ण पुस्तकाला टाइम कुठे आहे?” दिपमालाने कागद परत दिला आणि उठून माठातलं पाणी प्यायली. रागाच्या वेळी पाणी प्यायची सवय तिने लावून घेतली होती. या आठ महिन्यांत ती बरंच पाणी प्यायली.

ती मूळची जामनेरची. वडील बाजार समितीत मापाडी होते. घरात वाचण्यासारखं म्हणजे रद्दीत आलेली वर्तमानपत्रं, तीही वाणसामान गुंडाळलेली. सातवीत तिला शाळेतून पहिल्यांदा गोष्टीचं पुस्तक मिळालं, तेव्हा ते तिने माळवदाच्या जिन्यात बसून वाचलं. खालून आई भांड्यांसाठी हाका मारत होती आणि ती श्वास रोखून पान उलटत होती. त्या दुपारी जिन्यात तिला जे सापडलं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून वाचणं म्हणजे तिच्या लेखी एकट्याने करायची गोष्ट झाली. ओठ मिटून, दाराला कडी लावून. ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम, जळगावच्या या वाचनालयातली नोकरी, अकरा वर्षं तेच टेबल, हे सगळं त्या जिन्यातूनच पुढे आलेलं. ‘स्वतः’ हा शब्द तिने रकान्यात उगाच घातला नव्हता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला वाचनालयाचे कार्यवाह फुलचंदभाऊ तिच्या टेबलापाशी येऊन बसले. सुभाष चौकातलं कापडाचं दुकान मुलांवर सोपवून ते आता जैन मंदिराचं आणि वाचनालयाचं बघत. माणूस वाईट नव्हता, पण मोजता न येणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी सांगितलं की एका अबॅकसच्या क्लासला रविवार सकाळचं दालन हवं आहे, चाळीस मुलं येणार आहेत. दिपमालाच्या मंडळाला गेल्या वेळी पाच माणसं होती आणि त्यातली दोन पावसाळ्यात विसरलेली छत्री न्यायला आली होती, हेही त्यांनी सांगितलं. ती वाद घालू लागली तेव्हा ते म्हणाले, “या महिन्याला दहा घरं दाखव, ज्यांनी पुस्तक खरंच वाचलंय. मी स्वतः येऊन बसतो. दहा झाली तर दालन तुझं, कुणाला देणार नाही. नाही झाली तर तूच सांग, मी कमिटीला काय तोंड दाखवू?”

त्या महिन्याचं पुस्तक होतं नावाड्याच्या मुलीची एक कादंबरी, एकशे बारा पानांची. ती मुलगी नदीपलीकडच्या गावाची पत्रं पोचवत असते, आणि एक दिवस एक पत्र मुद्दाम पाण्यात सोडून देते. बापाला मात्र सांगते, पोचवलं. वाचनालयाकडे तीन प्रती होत्या आणि कार्डं बारा. दिपमालाने वेळापत्रक आखलं, एका घराला एक आठवडा, एका प्रतीवर चार घरं. दोन प्रती शहरात फिरत राहिल्या. तिसरी पहिल्याच आठवड्यात असोद्याला शालिग्राम पाटलांकडे गेली आणि तिथेच राहिली.

शालिग्राम केळीवाले. बाजाराच्या कामाने शहरात आले की वर्तमानपत्र चाळायला येत, तेव्हा फलक बघून त्यांनी मुलीचं, मोहिनीचं, नाव घातलं होतं. दिपमालाने त्यांना पहिला फोन केला तेव्हा ते म्हणाले, ताई, दोन दिवसांत आणतो. दुसऱ्या फोनला म्हणाले, भावकीत बाळ झालं, सोयर आलं, म्हणून थांबलंय. सोयराचा आणि पुस्तकाचा संबंध काय, हे विचारायच्या आत त्यांची गाडी आली आणि फोन बंद झाला. तिसऱ्या फोनला कळलं की त्या बाळाच्या सोयरातच थोरल्या चुलतीचं सुतक आलं आणि आता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आहे. दिपमालाने विचारलं, काय पहिल्यापासून. ते म्हणाले, “पुस्तक, ताई. खंड पडला नं.”

त्या पुस्तकासाठी मागे तीन घरं ताटकळत होती आणि त्यात हिनाबेन एक होती. ती रोज विचारायची आणि पुस्तक आलं नाही म्हटलं की तिच्या आवाजात सुटल्याचा आनंद असायचा. शुक्रवारी दिपमालाने शहरातली कार्डं गोळा केली. सात कार्डांवर दोन्ही सह्या होत्या. पण तिने एकेकाला सहज विचारून पाहिलं, त्या पत्राचं पुढे काय झालं. चार घरांना पत्र होतं हेच माहीत नव्हतं. उरली तीन. खोट्या सह्या मोजायच्या तर सात होत होती, आणि असोद्याचं अर्धवट सोडून तिथली प्रत आणून हिनाबेनसह तीन घरांकडून एका रात्रीत सह्या घेतल्या तर बरोबर दहा. हा हिशेब मनात आला याचाच तिला संताप आला. तरी शनिवारी दुपारी ती असोद्याच्या बसमध्ये बसली.

शालिग्रामांचं घर शोधावं लागलं नाही, कारण गल्लीतले सगळे तिकडेच निघाले होते. ओट्यावर सतरंजी अंथरली होती. साठ-सत्तर माणसं असतील, बाया, म्हातारे, दप्तर पाठीवर तसंच ठेवून आलेली मुलं. मधे पाट आणि त्यावर लाल कापडात बांधलेली वाचनालयाची प्रत. मोहिनीने हातपाय धुऊन कापड सोडलं, पुस्तकाला नमस्कार केला आणि वाचायला लागली. सहावीतली पोरगी, पण आवाज खणखणीत. सोळा पानं झाली की थांबायचं. एकशे बारा पानांचे सात दिवस पाडले होते, त्यातला आज सहावा.

दिपमाला भिंतीला टेकून उभी राहिली. मुखपृष्ठावर हळदीकुंकू लागलेलं तिला इथूनही दिसत होतं. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिलची रेघ दिसली तरी ती वाचकाला उभं करायची.

सोळा पानं झाल्यावर तिने सरळ विषय काढला. मोहिनीची आजी बेबाबाई पुस्तक पुन्हा कापडात बांधत होती, तिच्यापुढे बसून तिने समजावलं की ही पोथी नाही, मुलांची कादंबरी आहे. तिला सोयरसुतक लागत नाही, ती मधेच ठेवता येते, कुणी कुठेही बसून वाचू शकतं. उद्या सकाळी दहाला कार्यवाहांना दाखवायची आहे आणि नियमाने ती तीन आठवड्यांपूर्वीच परत यायला हवी होती.

बेबाबाईने गाठ मारली. “पोथीत बी गोष्टच राह्यते वं पोरी.”

“पण आजी, मोहिनीने एकटीने वाचून तिच्या बाबांना दिलं असतं तर एका आठवड्यात झालं असतं.”

“मंग आम्ही काय करतो? मले वाचता येत नई. ही समोरची कौशल्या, तिले बी येत नई. तिचे नातू येतात आयकाले. बठ्ठ्या गल्लीले ठाऊक हाये, त्या पोरीनं पत्र पाण्यात सोडलं.” तिने गाठोडं दिपमालाच्या मांडीवर ठेवलं. “आता उद्याच समाप्ती हाये. वरणबट्टी ठरली हाये. तू आज नेशील तं पुन्हा पहिल्यापासून लावा लागंन. ने पाह्यजे तं. सरकारी चीज हाये, मी काय म्हनू.”

पुस्तक सरकारी नव्हतं, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. लाल गाठोडं दिपमालाच्या मांडीवर होतं. ते उचलून चालू लागायला तिला कुणी अडवलं नसतं. तिने विचारलं, आजी, तिने पत्र सोडलं ते बरं केलं का. बेबाबाई बोलायच्या आत कौशल्याबाईच म्हणाली, बरंच केलं, ते पत्र पोचतं तर घर मोडलं असतं. बेबाबाई उसळली. पत्राचं मान्य, पण बापाशी खोटं बोलली ते चूक, बाप नाव वल्हवतो तिच्यासाठी. मागून एक पोरगा म्हणाला, बापाला खरं सांगितलं असतं तर त्याने पुन्हा पत्रं पोचवू दिली नसती. मग सगळेच बोलू लागले. चार दिवसांपासून हाच वाद चाललेला दिसत होता, कारण कोण कुणाच्या बाजूचं हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

आठ महिने दिपमाला ज्या बोलण्याची दालनात वाट बघत होती ते बोलणं हे होतं. आणि ते इथे, तिच्या नियमाला पार धाब्यावर बसवून चाललं होतं, याची तिला आधी चीड आली. गाठोडं तिने पाटावर परत ठेवलं आणि साडेपाचची बस पकडली. बसमध्येही ती स्वतःवर चिडलेलीच होती.

रविवारी दहाला दालनात तीन घरं आली. फुलचंदभाऊ वही घेऊन बसले. दिपमालाने चार खोटी कार्डं बाजूला काढून ठेवली आणि सांगितलं की इथे तीनच आहेत. बाकीची असोद्याला आहेत, आत्ता त्यांची समाप्ती चालली आहे, गाडीने पंधरा मिनिटं लागतात.

“असोद्याचं तर एकच कार्ड आहे,” फुलचंदभाऊ म्हणाले.

“कार्ड एक आहे. शाळकरी मुलांची घरं नऊ आहेत. मी काल मोजली.”

ते कुरकुरत उठले. गाडीत बसेपर्यंत त्यांनी तिला तीनदा सांगितलं की दहा म्हणजे दहा, त्यात ओढाताण चालणार नाही. तिन्ही घरं स्कूटरवरून मागोमाग आली.

मोहिनीचं शेवटचं पान चाललं होतं. पुस्तक मिटलं तेव्हा बेबाबाईने डोळ्यांना पदर लावला आणि मग लगेच आत जाऊन बट्ट्या तुपात बुडवायला सांगितलं. फुलचंदभाऊंनी पाहुण्यांच्या खुर्चीत बसून दोन-चार मुलांना प्रश्न विचारले. नदी कुठली, बापाचं नाव काय. मुलांनी सांगितलं. एकाने त्यांनाच उलटं विचारलं, तुम्ही असता तर पत्र सोडलं असतं का. भाऊंनी ते पुस्तक वाचलं नव्हतं. त्यांनी वही उघडली.

“दिपमाला, ही मंडळी छान आहेत, मला मान्य. पण तुझ्याच कार्डावर काय लिहिलंय? ‘स्वतः वाचले’. इथे स्वतः वाचलं एका पोरीने. बाकीच्यांनी ऐकलं.”

ते वाक्य तिचंच होतं. आठ महिने तिने ते लोकांना ऐकवलं होतं, याच सुरात. तिला पाणी हवंसं वाटलं, पण समोर मठ्ठ्याचा पेला होता.

“भाऊ,” ती म्हणाली, “पर्युषणात महाराजसाहेब ग्रंथ वाचतात. तुम्ही आठ दिवस हात जोडून समोर बसता. नंतर कुणी विचारलं तर काय सांगता, ऐकलं नुसतं?”

 फुलचंदभाऊंनी मठ्ठ्याचा घोट घेतला, वहीत तीनच्या खाली नऊ लिहिले आणि बेरीज केली. मग पेन खिशाला अडकवत म्हणाले, “दालन ठेव. पण ते कार्ड नवीन छाप. पुढच्या वेळी कमिटीतला दुसरा कुणी आला तर हेच विचारेल, आणि त्याला तू पर्युषण सांगू शकणार नाहीस.”

बेबाबाईने वाढता वाढता सांगून टाकलं की पुढचं पुस्तक जाडं द्या, हे लवकर संपलं. दिपमालाने एकवीस दिवसांचा विलंब बोलून दाखवला नाही. सोयर आलं तर मात्र पुढच्या पानापासून वाचायचं, एवढी अट तिने घातली. बेबाबाईने विचार करून सांगते म्हटलं.

सोमवारी तिने छापखान्यात नव्या कार्डांचा मजकूर दिला: ‘वाचले / ऐकले’, आणि खाली सही किंवा अंगठा. मंडळाच्या ग्रुपवरही मोहिनीच्या वाचनाची हकीकत सांगून तेच टाकलं. पाच मिनिटांत हिनाबेनचा मेसेज आला. ‘मॅडम, ऐकलेलं चालतं हे बेस्ट केलं. मोहिनीचं रेकॉर्डिंग पाठवाल का? अर्हमला ट्यूशनला नेताना कारमध्ये लावून देईन. दीडपट स्पीडला लावलं तर दोन फेऱ्यांत होईल.’

दिपमाला माठापर्यंत गेली, पेलाभर पाणी प्यायली, परत आली. तिने एक लांब उत्तर लिहिलं. खोडलं. मग दुसरं लिहिलं आणि पाठवलं.

‘रविवारी दहाला दालनात वाचन आहे. तुम्ही आणि अर्हम दोघं या. एकमेकांशेजारी बसा.’