चीफसाहेबांना बोट लागली: आयोनियन बेटांमधला एक आठवडा

"सुट्टीतसुद्धा बोट? सीरियसली, आई?"

आमच्या लेकीने, सईने, हे इतक्या जोरात विचारलं की सिंगापूरच्या बिशान भागातल्या आमच्या मजल्यावरच्या समोरच्या आंटींनी दार किलकिलं करून पाहिलं. तिचं चुकलं नव्हतं. तिचा बाबा, म्हणजे माझा नवरा श्रीकांत, मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनीअर आहे. लग्न झाल्यापासून तो चार-पाच महिने बोटीवर आणि दोन-तीन महिने घरी, असाच आमचा संसार. अशा माणसाला ग्रीसला नेऊन पुन्हा बोटीवरच चढवायचं, म्हणजे हलवायाला पेढ्यांचा बॉक्स भेट देण्यातला प्रकार.

पण कल्पना माझीच होती आणि तिला कारण होतं. कंपनीने श्रीला सिंगापूरच्याच ऑफिसात, किनाऱ्यावरची नोकरी देऊ केली होती. घ्यायची तर सुट्टीवरून आल्या आल्या कळवायचं, नाहीतर पुढच्या महिन्यात नवं जहाज. "तुला काय वाटतं?" त्याने विचारलं, आणि मी "बघू" म्हणून कुकर लावायला पळाले.

खरं सांगते, मला भीती वाटत होती. बोटीवरच्या माणसांच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. नवरा घरी आला की पहिला आठवडा तो पाहुणा. भरली वांगी काय, साबुदाण्याची खिचडी काय, नुसते लाड. आठवडा उलटला की टूलबॉक्स बाहेर येतो. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लागतात, न गळणारे नळ उघडले जातात, आणि "हे असं का ठेवलंय?" सुरू होतं. मी दातओठ खात तो जायची वाट बघते, आणि तो गेला की चांगी विमानतळावरून परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, रडते. दरवेळी दोन्ही. एका आठवड्याच्या संसारात आमचा पहिला नंबर येईल हो, पण कायमच्या संसाराचा आम्हाला सरावच नाही. शिवाय मला माझी सवय झालीय. गुरुवारी कामावरून येताना हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, एकटीने बसून कोपी, म्हणजे इथली घट्ट कॉफी, प्यायची, पलंगाच्या मधोमध झोपायचं. म्हटलं, जिथून कुणाला कुठे पळता येत नाही अशा लहानशा बोटीत आधी राहून तर बघू.

आता कामाचं. सिंगापूरहून अथेन्सला थेट विमान मिळतं. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या हात धुऊन मागे लागा, आणि तिकिटं त्यानंतरच काढा. अथेन्सहून लेफ्काडाला बसने पाच-सहा तास. रस्ता झकास, आणि हे बेट पुलाने जोडलेलं असल्यामुळे फेरीची भानगड नाही. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो. सईच्या पॉलिटेक्निकला सुट्टी होती, गर्दी ओसरली होती आणि बोटींची भाडीही उतरली होती. तरी स्वस्तात होतं असं मी म्हणणार नाही. आमच्या जपानच्या सहलीपेक्षा जास्तच लागले. बोट चालवायला स्किपर वेगळा घ्यावा लागतो आणि त्याचं जेवणखाण आपल्याकडे असतं, हे हिशेबात धरा.

बॅगा श्रीने भरल्या. "मला शिकवू नका, आयुष्य गेलं बोटीत," हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा. बोटीवर रुजू होताना तो नेतो तशाच दोन भल्यामोठ्या टणक सूटकेस, त्यात कुकरसुद्धा. लेफ्काडाच्या मरीनात, म्हणजे खासगी बोटींच्या धक्क्यावर, आमची कॅटामरान बघितली आणि तिघांचेही चेहरे उतरले. कॅटामरान म्हणजे दोन होड्या शेजारी शेजारी ठेवून वर गच्ची टाकलेली बोट. गच्ची ऐसपैस, पण झोपायची खोली आमच्या घरच्या बॉम्ब शेल्टरच्या निम्मी (सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये ही जाड भिंतींची खोली असते, आणि सगळे तिची अडगळीची खोली करतात). आमची स्किपर एलेनी, पन्नाशीची, उन्हाने रापलेली, त्या सूटकेसकडे बघत म्हणाली, "यांना वेगळी केबिन हवी का?"

तिथल्या ऑफिसात सूटकेस ठेवून आम्ही आमचे कपडे आणि कुकर सुपरमार्केटच्या पिशव्यांत भरून बोटीवर चढलो. मोठ्या जहाजावर चीफसाहेबांना स्वतःची केबिन, सोफा, कपाट सगळं असतं, त्यामुळे हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तर मंडळी, घडी होणाऱ्या कापडी बॅगा न्या.

एलेनीने नियम सांगितले. पाणी जपून. संडासात कागद टाकायचा नाही. आणि तिसरा नियम सांगताना तिने नेमकं श्रीकडे पाहिलं, कारण तोवर त्याने इंजिनाचं झाकण उघडून आत डोकं घातलं होतं. "माझ्या बोटीवर कशालाही हात लावायच्या आधी मला विचारायचं."

"मी चीफ इंजिनीअर आहे," श्री म्हणाला.

"छान. मी स्किपर आहे."

सई इतकी हसली की तिला ठसका लागला.

पहिल्या दिवशी मेगानिसी बेटाकडे निघालो. मरीनातून बाहेर पडेपर्यंत इंजिन चालू होतं आणि श्री मजेत होता. "थोडी घरघर आहे, पण ठीक आहे," असं इंजिनाबद्दल आपलं मतही देऊन झालं. मोकळ्या पाण्यात आल्यावर एलेनीने शिडं उघडली आणि इंजिन बंद केलं. अहाहा, काय ती शांतता! नुसतं पाण्याचं सळसळणं. आणि तेवढ्यात बसल्या जागी पेंगणारा श्री ताडकन उठला, दोन ढांगांत इंजिनापाशी. "काय झालं? काय बंद पडलं?"

काहीच झालं नव्हतं. पण त्याच्या जगात इंजिनाचा आवाज थांबणं म्हणजे संकट. घरी तो फ्रिज थांबला तरी जागा होतो, हे मला माहीत होतं. का, ते त्या दिवशी कळलं.

त्यानंतर अर्ध्या तासात चीफसाहेबांना बोट लागली. हो, ज्या माणसाने सगळे महासागर पालथे घातले, तो बादली मांडीवर घेऊन हिरवापिवळा झाला. मोठ्या जहाजाला जी लाट कळतही नाही ती या चिमुकलीला बरोब्बर कळते. "कुणाला सांगू नका," एवढंच तो म्हणत होता. (श्री, सॉरी हं.) आलं चघळा आणि नजर लांब, क्षितिजावर ठेवा. सईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि शेवटी सिंगापुरी 'लाह' लावत म्हणाली, "बाबा, रिलॅक्स लाह. तू पॅसेंजर आहेस." हा शब्द ऐकताना त्याचं तोंड मळमळीपेक्षाही कडू झालेलं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी इथाकाच्या किओनी गावात गेलो. खाडीच्या तोंडाशी जुन्या पवनचक्क्यांचे नुसते बुरूज उरलेत, आत डोंगराच्या कुशीत फिकट रंगांची घरं. पुढे नांगर टाकून बोट मागे मागे धक्क्याला नेतात आणि पाठीमागून दोर बांधतात. समोरच्या खानावळीत जेवलं तर बांधायचे पैसे बहुधा घेत नाहीत. भाजलेले सार्डिन, लिंबू पिळलेली रानभाजी, आणि फावा नावाचं पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा. सईसुद्धा मुकाट्याने दोनदा वाढून घेते अशी चव. दुसऱ्या सकाळी मी कुकरला मसालेभात लावला आणि पहिली शिट्टी होताच एलेनी धोक्याची घंटा समजून धावत आली. नंतर तिने तो भात पातेलं खरवडून खाल्ला.

मला वाटलं, जमतंय की. आणि तिथेच माशी शिंकली.

केफालोनियाच्या फिस्कार्दोला पोचलो. गाव देखणं, महागडं, श्रीमंतांच्या बोटींनी भरलेलं. मी अंघोळ करून केबिनमध्ये आले तर माझी पिशवी रिकामी, आणि कपडे फळीवर रांगेने लावलेले. माझी औषधं, क्रीम, चष्मा, सगळं त्याच्या शिस्तीत.

"आता कसं सापडेल बघ," श्री खुशीत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "मला सापडत होतं! इतकी वर्षं मला सगळं सापडतंय!"

"अगं, मदत केली मी."

"नकोय मला मदत! जा तू आपला बोटीवर. ती ऑफिसची नोकरी घेऊच नकोस!"

बोलून गेले. त्याचा चेहरा असा पडला की मला शब्द परत गिळावेसे वाटले, पण तोंडातून निघाले ते निघाले. सई दारात उभी होती. पोरगी एरवी फटकळ, पण हळू आवाजात म्हणाली, "यू टू ओन्ली नो हाउ टू से बाय, लाह."

तुम्हा दोघांना फक्त निरोप घेता येतो. खोटं कसं म्हणू? त्या संध्याकाळी आम्ही तिघं धक्क्यावर एकमेकांपासून अंतर ठेवून आइस्क्रीम खाल्लं. गाव फार सुंदर होतं म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही.

फिस्कार्दोहून परत लेफ्काडाच्या बाजूला सिवोताला यायचं होतं. या भागात सकाळी पाणी थाळीसारखं असतं आणि दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. आम्हाला निघायला उशीर झाला आणि वाऱ्याने गाठलं. लाटा धडाधड दोन्ही होड्यांच्या मधे आपटत होत्या. तशात पुढचं शीड गुंडाळायचा दोर अडकला. तो सोडवायला एलेनीला पुढे जायचं होतं.

"तू ये," ती मला म्हणाली. "चाक धर. तो उंच कडा दिसतो? तो समोर ठेव. बाकी काही करू नकोस."

"मी?" मी विचारलं. श्री उठायला लागला, तशी एलेनी ओरडली, "चीफ, बस खाली!"

मी चाक धरलं. ते हातात जिवंत असल्यासारखं ओढत होतं. आता सूचना सुरू होणार, डावीकडे घे, जरा कमी, असं कसं धरलंयस, म्हणून मी मान ताठ करून वाट बघत राहिले. काहीच आलं नाही. शेवटी मीच विचारलं, "बरोबर चाललंय ना?"

"मला काय माहीत?" माझ्या पायाशी कठडा धरून बसलेला श्री म्हणाला. "मी कधी सुकाणू धरलंय? आमचं आयुष्य खाली इंजिनरूममध्ये. वरून सांगायचे वेग वाढवा, आम्ही वाढवायचो. कुठे चाललोय ते वरच्यांना ठाऊक." मग म्हणाला, "घरीही मला तसंच होतं, अनघा. घर तू चालवतेस, नीट चालवतेस. मला काही कामच नसतं. मग मी नळ उघडतो."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मला तो नळ उघडणारा माणूस म्हणजे माझ्यावर तपासणीला आलेला अधिकारीच वाटायचा.

"मी कायमचा घरी आलो तर तुझी अडचण होईल का?" त्याने विचारलं.

"होईल!" वाऱ्यात ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागलं.

"मग?"

"मग काय? तरी ये! अडचण होऊ दे, पण ये! मला हवायस तू!"

दोर सोडवत असलेल्या एलेनीने वळून पाहिलं. मराठी तिला कळायचा प्रश्न नव्हता. सईला मात्र कळलं, आणि तिने चेहरा टॉवेलात लपवला. श्री रडत होता की लाटेचं पाणी होतं, मी विचारलं नाही. माझे हात चाकावर होते आणि मला तो कडा समोर ठेवायचा होता. शीड आत आल्यावर एलेनी चाक घ्यायला आली, तर मी म्हटलं, "थांब, अजून थोडं."

उरलेले दिवस आम्ही सिवोताच्या आसपासच काढले. पोहलो, पत्ते खेळलो. श्री इंजिन बंद असताना बसायला शिकला, पूर्णपणे नाही, पण चहा संपेपर्यंत तरी.

परत आल्यावर सोमवारी त्याने ऑफिसला हो म्हणून कळवलं. सगळं आलबेल झालं असं लिहून तुम्हाला फसवणार नाही. घरी आठवडा उलटला आणि टूलबॉक्स बाहेर आला. मी पोळ्या करत होते. तो पाना हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबला, आणि आत पाऊल न टाकता म्हणाला, "स्किपर, सिंकखालचा पाइप ठिबकतोय. हात लावू का?"

मी वाकून पाहिलं. खरंच ठिबकत होता.

"लाव," मी म्हटलं. "मसाल्याच्या डब्यांना नाही."

तो पाइपखाली शिरला तशी मी आमच्या खोलीत गेले. त्या दोन टणक सूटकेसमधली, तो दरवेळी जहाजावर नेतो ती, पलंगाशेजारी उभी होती. आमच्या घरात ती कधी अडगळीत जात नाही. सारखी काढावी लागते म्हणून तिची तीच जागा. मी ती ओढत बॉम्ब शेल्टरमध्ये नेली, पार मागे, आकाशकंदिलांच्या खोक्यामागे ढकलली, आणि तिच्यापुढे तांदळाची गोणी आणून ठेवली.