हार घातलेले दोन सर्व्हर

झेंडूच्या वासात सुक्या बोंबलाचा वास मिसळला की मला सातपाटीच्या मच्छीमार सोसायटीतला तो दसरा आठवतो. तिथल्या संगणकाच्या खोलीची मी महाराणी, निदान माझ्या मते तरी. मासळीच्या वजनाचा सगळा हिशेब जोडीने चालणाऱ्या दोन लिनक्स सर्व्हरवर होता. एक अडकला की दुसऱ्याने त्याच्या ठरलेल्या सॉकेटची वीज तोडायची आणि काम स्वतःकडे घ्यायचं, याला फेन्सिंग म्हणतात. पूजेसाठी मी दोघांचे प्लग काढले, अंग पुसलं, हार घातले, प्लग परत खोचले आणि फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी एक सर्व्हर अडकला आणि बंद पडला तो भलताच, धडधाकट असलेला! बोटी किनाऱ्याला लागलेल्या, काटा थांबलेला, टोपल्यांतला बर्फ वितळायला लागलेला. खिडकीतून एक मावशी ओरडली, "गो बाय, तुजा कंपुटर उटतो का नाय? म्हावरा नासला तर तू खाशील का?" मी आपली घाम पुसत एरर वाचतेय, तोंडाने जड जड इंग्रजी शब्द चालूच. तेवढ्यात बोईसरहून आमच्या वरिष्ठ मॅडम आल्या. त्यांनी दोन्ही सर्व्हर सुरू केले, ओढणी खोचली आणि म्हणाल्या, "आता यांचं मुद्दाम भांडण लावू." दोघांना जोडणारी वायर त्यांनी सरळ उपटली. प्रत्येकाला वाटलं दुसरा मेला, प्रत्येकाने त्याची वीज तोडायला हात उचलला आणि दोघांनीही स्वतःचीच तोडली! "प्लगांची अदलाबदल झालीय, बाईसाहेब," मॅडम हसल्या, "हार मात्र झकास." प्लग बदलले, काटा हलला, मावशीची टोपली बर्फ असतानाच काट्यावर चढली. काय बाई होती ती! हल्ली घरात कोणी गाल फुगवून बसलं की मीही मुद्दाम भांडण लावून देते, म्हणजे बिघाड कुठाय ते कळतं. सून म्हणते, आईंना खोडच आहे. तिला काय ठाऊक, मी रीतसर शिकलेय!