पागोट्यातली पुरचुंडी

दप्तरात आले की आमच्यातले ते म्हातारे गृहस्थ आधी पागोटं उतरवायचे, आणि आम्ही सगळे आपापले कागद घाईघाईने ओढून घ्यायचो. कारण पागोट्याच्या आत ओल्या फडक्याची पुरचुंडी असे आणि ती गळे. पुरचुंडीत मूठभर जोंधळा. मग ते फडकं उलगडायचे, नव्या सुनेकडे सासूने पाहावं तसे एकेका दाण्याकडे पाहायचे, आणि समोर जो कोणी असेल त्याला विचारायचे, "दाण्याला विचारलंत का?"

आता दप्तर म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. आम्ही पेशव्यांचे पाहणी कारकून. कोणत्या गावात काय पिकलं, कुठे सारा सोडायचा, कुठे बियाणं द्यायचं, हे आमच्या पाहणीवरून वर ठरायचं. आमची पाहणी पाटलाच्या ओसरीवर, जेवणानंतर, लोडाला टेकून होई. तिथून जेवढं शेत दिसे तेवढं पिकलं म्हणायचं! हे मात्र उन्हातान्हात बांधावरून हिंडत, मूठभर दाणे मागून आणत आणि डोक्यावर बांधत. डोक्याच्या उबेने दाणा लवकर बोलतो, म्हणजे मोड येणार की नाही ते सांगतो, असं त्यांचं म्हणणं. एकाने थट्टा केली तर म्हणाले, "तुमच्या डोक्यातून आजवर काही उगवलं नाही. निदान माझ्या डोक्यावर तरी उगवू द्या."

विनम्र वगैरे ते मुळीच नव्हते. शेजारी बसायला कोणी राजी नसे. एक तर पाणी गळे, दुसरं म्हणजे जीभ चाले.

मग ते वाईट वर्ष आलं. पाऊस आदल्या वर्षीही रुसला होता, त्या वर्षी आलाच नाही. कात्रजच्या तलावातून शहरात येणारं पाणी सुतासारखं झालं. नारायण पेठेतल्या हौदावर भल्या घरच्या बायका घागरींनी एकमेकींना ढकलू लागल्या. घाटापलीकडची माणसं पोरंबाळं घेऊन वेशीपाशी येऊन बसली. त्यांच्यातली पोरं रडत नव्हती. ते पाहून मी रस्ता बदलून दप्तरात जाऊ लागलो.

सरकारची पेवं मात्र भरलेली होती. जमिनीच्या पोटात खोल खणलेली, तोंडं लिंपलेली, जोंधळ्याने गच्च. कारभाऱ्यांनी ठरवलं की पेवं आत्ता फोडायची नाहीत. आषाढात फोडायची आणि गावोगाव बियाणं म्हणून धान्य वाटायचं. कागदावर हा बेत फार देखणा दिसे. मीच तो माझ्या वळणदार अक्षरात लिहिला होता.

आमच्या गृहस्थांनी पेवातला जोंधळा मागून घेतला आणि पागोट्यात बांधला. काही दिवसांनी पुरचुंडी उलगडली, तर आत नुसता आंबूस लगदा. दुसऱ्या पेवातला बांधला, त्याचंही तेच. भाकरीला दाणा उत्तम, पण पेवाच्या उष्णतेने त्यातला जीव गेलेला. जिवंत बियाणं होतं ते गावांत, बायकांनी राखेत मिसळून मडक्यांत जपलेलं. आणि गावं आता तीच मडकी फोडून खाऊ लागली होती.

त्यांनी आम्हाला बोट आपटून आपटून समजावलं. पेवं आज फोडा, लोकांना खायला द्या, म्हणजे त्यांची मडकी वाचतील. आषाढापर्यंत थांबलात, तर ते जिवंत बी खाऊन बसतील आणि आपण त्यांना मेलेलं पेरायला देऊ. मग पाऊस पडूनही शेत उघडंच.

हेच ते कारभाऱ्यांना सांगायला गेले. कारभारी म्हणाले, "सरकारचा दाणा आहे. उगवेल."

"दाण्याला विचारलंत का?" हे म्हणाले, आणि चोपदाराने त्यांना बाहेर काढलं.

दुसऱ्या सकाळी गृहस्थ कारभाऱ्यांच्या दारात धरणं धरून बसले. दारात माणूस उपाशी, तर आतही चूल पेटवायची नाही, ही रीत. कारभारी काय करत? मागल्या दाराने निघून सासुरवाडीला जेवत, आणि मिशीला तुपाचा वास घेऊन परत येत. सगळी पेठ हे पाहून हसत होती. पण कारभाऱ्यांच्या आई जेवल्या नाहीत. उंबऱ्याच्या आत त्या आणि बाहेर हे, अशी दोन म्हातारी माणसं उपाशी बसून राहिली.

मी पाहायला गेलो. त्यांचे ओठ फुटले होते. समोर दोन पुरचुंड्या, एक पेवातल्या जोंधळ्याची, एक गावातल्या. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर म्हणाले, "मला नको. ह्यांच्यावर शिंपडा."

शेवटी आईंनीच आतून विचारलं, "काय आहे हो त्यात?"

त्यांनी दोन्ही फडकी उंबऱ्यावर उलगडली. एकात लगदा, दुसऱ्यात पांढरे शुभ्र मोड. म्हातारीने दोन्हींना बोट लावून पाहिलं. मग लेकाला हाक मारली आणि विचारलं, "ह्यातलं लोकांना कोणतं देणार आहेस?"

पेवं त्याच दिवशी फुटली.

धान्याच्या गाड्यांबरोबर जाऊ नका, अंगात ताप आहे, असं आम्ही परोपरीने सांगितलं. ते म्हणाले, धान्य पोचलं तरी भुकेला माणूस आधी हाताशी असलेलं मडकंच फोडतो, तिथे कोणीतरी बसायला हवं. शेवटच्या गाडीत, पोत्यांवर, पागोटं सावरत ते कात्रजचा घाट चढून गेले. ते परत आले नाहीत.

पेरणीच्या तोंडावर घाटापलीकडचा एक पाटील दप्तरात आला. गुडघ्यापर्यंत चिखल. हातात ओलं फडकं.

"ते पागोट्यातलं बाबा कुठं बसायचं?" त्याने विचारलं.

मी जागा दाखवली. तो उभाच राहिला. म्हणाला, "आमच्याच गावात तापानं गेलं. समद्या गावची मडकी एका खोलीत ठिवून तिच्या दारात आडवं पडून ऱ्हायलं हुतं, कुनाला आत जाऊ देत न्हवतं. जाताना म्हनालं, पेरायच्या आदी दान्याला इचारा, आन् दप्तरात दावून या." त्याने फडकं माझ्यापुढे ठेवलं. "समदं गाव थांबलं हाय. पेरू का?"

मी फडकं उलगडलं. एकेक दाणा पाहिला. पाणी माझ्या वळणदार अक्षरांवर गळत होतं. मी कागद ओढून घेतले नाहीत.

"पेरा," मी म्हणालो.