चौदा अवयव, चार डबे

"मला यातलं काही कळत नाही. आणि जे कळत नाही, त्याच्या जोरावर मी पेशंटला डोस देणार नाही."

डॉ. ललवानींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या त्यांच्या केबिनमध्ये मी आणि माझे बॉस साबळे सर बसलो होतो. आमच्या अंबरनाथच्या कंपनीचं यकृताच्या कॅन्सरवरचं औषध ट्रायलमध्ये होतं. बदलापूरच्या एक बाई पहिल्या डोससाठी थांबल्या होत्या. त्यांच्यासाठी दुसरा उपाय उरला नव्हता.

माझं काम मॉडेलिंगचं. औषध शरीरात कुठे जातं, किती साठतं, कधी बाहेर पडतं, याचं गणित मांडायचं. माझ्या मॉडेलमध्ये चौदा अवयव होते. प्रत्येकाचा एक डबा.

परतताना गाडीत सर म्हणाले, "तीन डबे कर आणि संपव."

"कुठले तीन, सर?"

"ते तू बघ."

ज्या अवयवांत औषध सारख्याच वेगानं चढतं-उतरतं, ते एकत्र करता येतात. त्याला आम्ही लम्पिंग म्हणतो. हृदय, फुप्फुसं, किडनी असे अवयव रक्ताबरोबर एका डब्यात गेले. स्नायू आणि त्वचा दुसऱ्यात. चरबीही त्यात घातली, तर औषध लवकर संपल्यासारखं दिसायचं. खरं तर ते चरबीत मुरून बसत होतं. चरबी वेगळी ठेवली. औषध मोडतं यकृतात, म्हणून तेही वेगळं.

"चार झाले, सर. याच्या खाली उत्तर चुकतं."

सर म्हणाले, "ठीक आहे. चार घेऊन जा."

ललवानींनी चार चौकटी नीट पाहिल्या. मग यकृतावर पेन टेकवलं.

"हे तुम्ही सरासरी धरलंय ना? इनका लिवर तो आधा भी काम नहीं करता. निम्मं करा बघू."

केलं. मॉडेलमध्ये तिसऱ्या डोसलाच औषध धोक्याच्या रेषेच्या वर गेलं.

एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन डोस कमी केला, दोन डोसमधलं अंतर वाढवलं. बाईंना औषधाचा त्रास झाला नाही. गाठ मात्र थांबली नाही. काही महिन्यांनी त्या गेल्या. शेवटपर्यंत घरच्यांशी बोलत होत्या, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं.

चौदा डब्यांचं कॉम्प्युटरला काही ओझं नव्हतं. मॉडेल सोपं करायचं, ते समोरच्याला त्यातली चूक काढता यावी म्हणून.